नसलेला कठडा

पाडव्याच्या दुपारी जेवणं आटोपल्यावर भाच्याने हॉल मोकळा केला. टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवला, सतरंजी गुंडाळली, दिवाणाखालून डोकावणाऱ्या चपला आत सरकवल्या. बोस्टनहून येताना तो व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधला की आभासी जगात नेणारा जाडजूड चष्मा, घेऊन आला होता आणि दिवाळीला नाशिकला जमलेल्या आम्हा सगळ्यांना तो दाखवायचा होता. मुलगा जबाबदार आहे, घाईगर्दी करणारा नाही. आधी भावंडांची पाळी झाली, मग माझ्या भावाची, मग कुणीतरी म्हणालं, "माईआजीला दाखव ना." माईमावशी पंच्याहत्तरीच्या पुढची. नको नको म्हणत उठली, चष्मा काढून माझ्या हातात दिला, भाच्याने पट्टा तिच्या अंबाड्याच्या वरून बसवला आणि मागून हलकेच घट्ट केला. तिच्यासमोर एका उंच इमारतीची गच्ची उघडली. खाली नदी, नदीवर पूल, पलीकडे शहर. "अगं बाई, केवढं खोल आहे हे!" असं म्हणत ती दोन पावलं पुढे गेली, डावा हात सहज लांब केला आणि गच्चीच्या कठड्यावर टेकला. नुसता लावला नाही, टेकला. अंगाचा सगळा भार त्या हातावर दिला.

तिथे कठडा नव्हता. तिथे काहीच नव्हतं.

ती पडली नाही, कारण घरी स्वयंपाकाला येणाऱ्या, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सुमनताई दोन ढांगांत पुढे आल्या आणि त्यांनी तिला काखेतून धरलं. आम्ही सात-आठ जण त्यांच्यापेक्षा जवळ होतो, आणि आमच्यातला एकही हलला नाही. मावशीला आत जे दिसत होतं तेच समोरच्या टीव्हीवरही दिसत होतं आणि आम्ही सगळे टीव्ही बघत होतो. पडद्यावरची नदी एकदम तिरपी झाली तेव्हा हशा पिकला. चित्र कललं म्हणजे मावशी कलली, हे डोक्यात शिरेपर्यंत सुमनताईंनी तिला दिवाणावर बसवलंसुद्धा होतं. मावशीही हसत होती. तिला काही लागलं नव्हतं. पाच मिनिटांत चहा झाला आणि विषय संपला. माझा मात्र संपला नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर मला तो हात दिसत राहिला.

कारण माईमावशी कशावरही असा हात टेकत नाही. कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या मैत्रिणी तिने पाहिल्या आहेत. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसण्यापूर्वी ती खुर्ची हलवून बघते. न्हाणीघरात पाऊल टाकण्यापूर्वी अंगठ्याने फरशी चाचपते. जिना उतरताना कठडा धरण्याआधी बोटांनी तो डुगडुगतो का ते पाहते. आणि हीच बाई, हे सगळं खोटं आहे हे पूर्ण ठाऊक असताना, एका चित्रावर भार टाकून मोकळी झाली. तिचं वय किंवा तिला नव्या यंत्रांची नसलेली सवय हे त्याचं कारण नव्हे. वर्षानुवर्षं व्हीआर खेळणारी विशी-तिशीतली मुलंही आभासी टेबलावर कोपर टेकायला जातात आणि तोंडावर आपटतात. भाच्यानेच सांगितलं, त्याच्या खोलीवर हे झालेलं आहे.

लंडन आणि बार्सिलोनात या विषयावर आयुष्यभर काम केलेले मेल स्लेटर यांनी २००९ साली याची उकल केली, ती मला फार पटते. ते म्हणतात, इथे दोन भास एकाच वेळी काम करतात. एक, मी त्या जागी आहे. दुसरा, इथे जे घडतंय ते खरंच घडतंय. हे दोन्ही जमले की माणूस खऱ्यासारखाच वागतो, जरी मनाला पक्कं माहीत असलं की यातलं काही खरं नाही. मन जाणून असतं आणि शरीर ऐकत नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात याची चाचणी झाली होती. माणसांना हेडसेट घालून एका खोलीत सोडायचं, आणि त्या खोलीच्या मधोमध वीस फूट खोल खड्डा दाखवायचा. लोकांच्या हृदयाचे ठोके वाढले. मग संशोधकांनी खऱ्या जमिनीवर खड्ड्याच्या काठाच्या जागी दीड इंच उंचीची लाकडी कड ठेवली. पायांना ती लागली आणि ठोके आणखी वाढले. दीड इंच. त्याच दीड इंचाने शरीराची खात्री पटली की पुढे वीस फूट पोकळी आहे.

तोल ही पायांची गोष्ट आहे, असं आपण धरून चालतो. ती पायांची आहे, कानांच्या आतल्या भागाची आहे आणि डोळ्यांची तर फारच आहे. १९७४ साली डेव्हिड ली आणि एरिक अ‍ॅरनसन यांनी नुकतीच उभी राहू लागलेली बाळं एका लहानशा खोलीत नेली. त्या खोलीची जमीन पक्की होती, पण भिंती आणि छत वरून टांगलेले, हलवता येणारे होते. बाळ उभं असताना समोरची भिंत हळूच त्याच्या दिशेने सरकवली. बाळाला वाटलं आपणच पुढे झुकतोय, ते सावरायला मागे गेलं आणि मागे पडलं. पायाखालची जमीन तसूभरही हलली नव्हती. पाय सांगत होते की सगळं ठीक आहे, कान सांगत होते की सगळं ठीक आहे, आणि बाळाने विश्वास ठेवला डोळ्यांवर. मोठे झाल्यावर आपण सहसा पडत नाही, फक्त डुलतो. पण म्हातारपणी पायांची आणि कानांची साक्ष पुन्हा क्षीण होत जाते आणि माणूस पुन्हा डोळ्यांच्या भरवशावर उभा राहतो. मावशीच्या डोळ्यांपुढे आम्ही एक अख्खं खोटं जग बांधलं आणि तिला उभं राहायला सांगितलं. तेही गच्चीच्या काठावर.

लहानपणी पंचवटीतल्या आमच्या वाड्यात आंधळी कोशिंबीर रंगायची. अंगणात तुळशीवृंदावन, एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला तीन पायऱ्यांचा ओटा, म्हणजे खेळायला अगदी वाईट जागा. तरी कुणाला मोठी इजा झाल्याचं आठवत नाही. ज्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधलेला असे तो दोन्ही हात पुढे पसरून, पाय जमिनीवरून न उचलता घासत घासत सरकायचा. आपल्याला दिसत नाही हे त्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असायचं. आणि बाकीचे सगळे, त्याला चुकवणारे, टपल्या मारणारे, तो ओट्याकडे निघाला की एका सुरात ओरडायचे, "पायरी! पायरी!" विहिरीकडे तर मोठ्या मुलांपैकी एक जण खेळ सोडून उभाच असायचा. त्याला कुणी नेमलेलं नसे, पण त्याच्याशिवाय डाव सुरू होत नसे.

हेडसेट घातलेला माणूस तितकाच आंधळा असतो. त्याला समोरची भिंत दिसत नाही, कपाटाचा कोपरा दिसत नाही, रांगत आलेलं बाळ दिसत नाही. फरक एवढाच की त्याला वाटतं आपल्याला दिसतंय. म्हणून तो पाय घासत नाही. तो धावतो, वाकतो, उडी मारतो, पूर्ण ताकदीने ठोसा मारतो. घरातल्या अपघातांचं मूळ मला इथे दिसतं. यंत्र बिघडतं तेव्हा चित्र थांबतं, माणूस भानावर येतो आणि हेडसेट काढून ठेवतो. यंत्र उत्तम चालतं तेव्हा भिंतीवर हात आपटतो.

या यंत्राचा पहिला अवतार छताला टांगलेला होता. १९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचा जो पडदा बनवला, तो वरून येणाऱ्या एका दांड्याला जोडलेला होता. डोकं कुठे वळलं हे त्या दांड्यावरून कळायचं. त्याला डॅमोक्लिसच्या तलवारीचं, म्हणजे जुन्या ग्रीक कथेतल्या डोक्यावर टांगलेल्या तलवारीचं नाव मिळालं. पण त्या दांड्यामुळे माणूस एका जागी बांधलेला राहायचा. पुढे दांडा गेला आणि जाड केबली आल्या. त्यांत पाय अडकायचे, पण त्या ओढ देऊन आठवणही करून द्यायच्या की तू कुठेतरी बांधलेला आहेस. २०१९च्या मे महिन्यात ऑक्युलस क्वेस्ट हा हेडसेट आला तेव्हा केबलही गेली, संगणकही गेला. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये त्याचा पुढचा, स्वस्त अवतार, क्वेस्ट २, आला, तेव्हा कोरोनामुळे जगभर पुष्कळ लोक घरातच होते. जे यंत्र प्रयोगशाळेच्या रिकाम्या खोलीत जन्मलं, ते सोफा, शोकेस आणि पाळणा यांच्यामध्ये येऊन उभं राहिलं.

पुढचं आकड्यांत दिसतं. अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांतल्या नोंदींवरून केलेल्या एका अंदाजानुसार व्हीआरमुळे झालेल्या दुखापती २०१७ मध्ये सुमारे १२५ होत्या, २०२१ मध्ये सुमारे १,३३६. त्यांतल्या जवळजवळ तीस टक्के म्हणजे मोडलेली हाडं. देशाच्या मानाने आकडा लहान आहे, हे कबूल. पण तातडीच्या विभागात जाण्याइतकं ज्यांना लागलं तेच यात आहेत. बर्फ लावून घरी बसलेले यात नाहीत. ब्रिटनमध्ये अविवा या विमा कंपनीने सांगितलं की २०२१ मध्ये हेडसेटशी संबंधित घरगुती नुकसानीचे दावे आदल्या वर्षापेक्षा ३१ टक्क्यांनी वाढले, आणि सरासरी दावा साधारण ६५० पौंडांचा होता. त्यातलं बरंचसं नुकसान फुटलेल्या टीव्हींचं. टीव्ही फुटला की विमा मिळतो.

मॉस्कोतला तो माणूस मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. डिसेंबर २०१७. वय ४४. रशियाच्या तपास यंत्रणेने तास या वृत्तसंस्थेला दिलेली माहिती एवढीच होती, की व्हीआर चष्मा घालून घरात वावरताना तो अडखळला, काचेच्या टेबलावर कोसळला आणि रक्तस्रावाने जागीच मेला. तो काय बघत होता, कुठल्या जगात होता, ते त्या बातमीत नव्हतं. मी वाचताना सारखी त्या टेबलाचा विचार करत होते. ते टेबल रोज तिथेच असणार. त्यावर त्याने चहाचे पेले ठेवले असणार, त्याच्या कडेने अंधारातही न धडकता तो हजार वेळा गेला असणार. आपल्या घरातलं फर्निचर आपल्या अंगाला पाठ असतं. हेडसेट घातला की पहिलं जातं ते हे पाठांतर.

आता सीमारेषेबद्दल, कारण "त्यात सेफ्टी असते" हे वाक्य मी त्या दोन दिवसांत घरात पुष्कळदा ऐकलं. असते, आणि ती चांगली आहे. सुरू करताना हातातला कंट्रोलर जमिनीकडे रोखून आपण आपल्याभोवती एक रेषा आखतो. खेळताना त्या रेषेजवळ गेलं की हवेत जाळीची भिंत उगवते, आणि डोकं तिच्या बाहेर काढलं की हेडसेटच्या कॅमेऱ्यांतून खरी खोली दिसू लागते. हिंडून-फिरून खेळायला किमान साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा लागते. पुण्या-मुंबईच्या दहा बाय बाराच्या बेडरूममध्ये पलंग, कपाट आणि अभ्यासाचं टेबल वजा करून एवढा चौकोन शोधून पाहावा. मग लोक काय करतात, तर रेषा पलंगाच्या कडेला चिकटवून आखतात, यंत्राचं समाधान करण्यापुरती. पण माणूस रेषेवर उभा असला तरी त्याचा हात अडीच फूट बाहेर जातो. जाळी दिसते तेव्हा हात निघालेला असतो, आणि वेगात निघालेला हात परत घेता येत नाही. रेषा भिंतीपासून हातभर आतच हवी, आणि तेवढी जागा नसेल तर त्या खोलीत उभ्याने खेळूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिवाय ही रेषा जमिनीवरची. आमच्याकडे छताला पंखा असतो. हात उंचावून काही झेलायचं किंवा फेकायचं असेल तर उंच माणसाची मूठ पात्यांपर्यंत पोचते, आणि नाशिकच्या ऑक्टोबरमध्ये पंखा बंद ठेवा म्हटलं तर घरात कुणी ऐकत नाही. आमच्या घरात तर देवघरातली समईही हॉलच्या कोपऱ्यात तेवत होती. रेषा आखून झाल्यावर खोलीत जे येतं त्याचंही तसंच. नव्या हेडसेटमध्ये रेषेच्या आत शिरलेलं माणूस किंवा कुत्रं दाखवण्याची सोय आली आहे. ती चालू असली तरी ती डोळ्यांसमोरचं दाखवते, पाठीमागून येणाऱ्या दीड वर्षाच्या मुलीचं काय? मोठ्या माणसाच्या झोकात आलेल्या मुठीची उंची आणि तिच्या चेहऱ्याची उंची एकच असते.

भाचा एक साधी युक्ती करतो, ती मला सगळ्यांत आवडली. अनवाणी उभं राहायचं आणि पायाखाली व्यायामाची रबरी चटई टाकायची. खेळता खेळता माणूस नकळत पुढे सरकत जातो, आणि चटईची कड तळव्याला लागली की कळतं की आपण मधोमध नाही. डोळे फितूर झाल्यावर तळपायांना साक्षीला बोलवायचं. कंट्रोलरचा मनगटी पट्टाही तो प्रत्येकाला घालायला लावतो. त्याशिवाय टीव्हीच्या दिशेने काय काय उडतं याच्या कथा त्याच्याकडे भरपूर आहेत.

बाकीचे त्रास मंद आहेत. अर्धा किलो वजन चेहऱ्यावर घेऊन मान तासभर झटकायची, मग रात्री मानेत उसण. डोळे म्हणतात पळतोय, कान म्हणतात उभा आहे, त्या भांडणातून मळमळ. हेडसेट काढल्यावर थोडा वेळ पाय परके वाटतात, आणि त्या अवस्थेत लोक स्कूटरची किल्ली उचलून बाहेर पडतात. २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या चेहऱ्याला लागणाऱ्या फोमने लोकांची त्वचा चिडली, आणि अमेरिकेत सुमारे ४० लाख फोम परत घ्यायची वेळ आली. लहान मुलांचं मात्र असं भराभर उरकता येत नाही. क्वेस्ट बनवणाऱ्या मेटा कंपनीने वयाची अट आधी १३ ठेवली होती, २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीखाली ती १० वर आणली. आमच्या हॉलमध्ये सहा वर्षांचा नातू रांगेत उभा होता आणि "त्याला नाही" म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती. क्वेस्ट २ च्या भिंगांमधलं अंतर कमीत कमी ५८ मिलिमीटर ठेवता येतं, त्या पोराच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर त्याहून कमी. हेडसेट त्याच्या नाकावरून खाली घसरत होता, तो एका हाताने सावरत होता. मी नको म्हणाले. त्याची आई दुखावली, अजून थोडी दुखावलेलीच आहे.

दुसऱ्या दिवशी मी सुमनताईंना विचारलं, तुम्हाला कसं कळलं? त्या कणीक मळत होत्या. म्हणाल्या, "माझं टीव्हीकडे ध्यानच नव्हतं. मावशींचं पाऊल वाकडं पडत होतं ना." मग कळलं की दुपारी त्या गंगापूर रोडला एका आजोबांना सांभाळायला जातात. आजोबांना पक्षाघात झालेला आहे. त्यांना उठवायचं, चालवायचं, संडासला न्यायचं. "चालणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायाकडे बघायचं. तोल जायच्या आधी टाच उचलते." एवढं बोलून त्यांनी कणकेला तेलाचा हात लावला. मावशीची टाच उचललेली पाहणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आमच्यातल्या तिघांच्या हातात फोन होते आणि ते फोनसुद्धा टीव्हीकडे वळलेले.

जगभरात लोक हेच करतात. हेडसेट घातलेला माणूस धडपडतो, बाजूचे त्याचा व्हिडिओ काढतात आणि लाखो लोक तो बघून हसतात. मीही असे व्हिडिओ पाहिले आहेत. आता बघताना मला कॅमेरा धरणारा दिसतो. तो अगदी जवळ असतो, त्याला भिंत दिसत असते, तो ओरडत नाही. आजच्या बहुतेक हेडसेटमध्ये बाहेरचा आवाज ऐकू येतो, नुसतं "भिंत" म्हटलं तरी पुरतं. अंगाला एकदम हात मात्र लावू नये, दचकून त्याचा हात फिरतो आणि लागतं आपल्यालाच. आधी नावाने हाक, मग खांद्यावर हात. त्या संध्याकाळपासून भाच्याने टीव्हीवर दाखवणं बंद केलं. मुलं कुरकुरली, कारण त्यातली अर्धी गंमत तीच. पण टीव्ही काळा झाल्यावर सगळे आपोआप खेळणाऱ्याकडे बघू लागले.

आणि माईमावशीने पुन्हा मागितला. मला खरं तर तो तिच्यापासून लपवून ठेवावासा वाटत होता. पण तिचे गुडघे गेल्याला काळ लोटला. सप्तशृंगीच्या पायऱ्या तिने शेवटच्या कधी चढल्या ते तिलाही आठवत नाही. उंचावरून खाली पाहण्याचा आनंद तिला इतक्या वर्षांनी मिळाला होता, आणि तो काढून घेण्याचा अधिकार मला कुणी दिला? तिला हातांच्या, चाकं नसलेल्या जड लाकडी खुर्चीत बसवलं. सुमनताई शेजारी स्टुलावर, भाचा मागे. ती पुन्हा त्याच गच्चीवर गेली, पुलाखालून जाणाऱ्या होड्या मोजत बसली, आणि दहा मिनिटांनी स्वतःच म्हणाली, "पुरे, डोकं जड झालं."

भाऊबीज करून परत आले तर आमच्या खालच्या मजल्यावरची वहिनी भेटली. तिचा मुलगा अकरा वर्षांचा, वाढदिवसाला हेडसेट मागतोय. घ्यावा का, असं तिने विचारलं. मी तिला खोलीचं माप विचारलं. मग पंख्याचं, मग काचेच्या शोकेसचं. ती भराभर उत्तरं देत होती. शेवटी विचारलं, तो खेळत असताना त्याच्याकडे बघत कोण उभं राहील? ती म्हणाली, संध्याकाळी तोच वेळ स्वयंपाकाचा असतो, म्हणूनच तर घेतोय, तेवढा वेळ तो गुंतून राहील. मी म्हटलं, मग नका घेऊ. तिला ते आवडलं नाही. परवा जिन्यात पुन्हा भेटली तेव्हा म्हणाली, "यांच्याशी बोलले. रविवारी सकाळी हे घरी असतात, तेव्हाच द्यायचा असं ठरलंय. पण शोकेस कुठे हलवायचं ते काही सुचत नाहीये, एकदा येऊन बघता का?"